अंग सैल सोडू नका

इंदूरच्या रामबागेत गणेशोत्सवानिमित्त भरलेल्या एका रक्तदान शिबिरात पाहिलेला हा प्रसंग आहे. विशीतला, अंगापिंडाने चांगला मजबूत असा एक तरुण आपला क्रमांक येण्याची वाट पाहत उभा होता. शेजारच्या खाटेवर त्याचा मित्र रक्त देत होता आणि नळीतून उतरणारे गडद रक्त खाली ठेवलेल्या पिशवीत साठत होते. या तरुणाने पिशवीकडे दोन-तीनदा पाहिले, लागोपाठ जांभया दिल्या, कपाळ पुसले, ‘काका, पंखा बंद झाला का हो?’ असे विचारले आणि तो उभ्याचा आडवा झाला. सुई अजून त्याच्या जवळपासही आली नव्हती. चौघांनी उचलून त्याला खुर्चीवर बसवले, कोणी कांदा फोडायला धावले आणि काका पाठीवरून हात फिरवत सांगू लागले, ‘घाबरू नकोस बाळा, अंग सैल सोड, खोल श्वास घे.’ त्याने डोळे उघडले, क्षणभर इकडेतिकडे पाहिले आणि खुर्चीतच त्याची मान पुन्हा कलली.

काकांच्या मायेत काही खोट नव्हती, पण सल्ला नेमका उलटा होता. तो का उलटा, हे समजण्यासाठी ही भीती इतर भीतींहून वेगळी कशी वागते ते पाहावे लागते. अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यासमोर किंवा बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणसाच्या छातीत धडधडते, रक्तदाब चढतो आणि शरीर पळायला किंवा झुंजायला सज्ज होते. अशा वेळी ‘आता चक्कर येणार’ असे वाटले तरी प्रत्यक्षात शुद्ध सहसा हरपत नाही, कारण मेंदूकडे रक्त जोराने पोहोचत असते. रक्त, जखम आणि सुई यांच्या भीतीत मात्र अनेकदा दोन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात नाडी आणि रक्तदाब इतर भीतीप्रमाणेच वर जातात. दुसऱ्यात दोन्ही एकाएकी कोसळतात.

हे कोसळणे दोन वाटांनी होते. एका वाटेने मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा व्हेगस या दहाव्या कपालीय चेतेमार्फत, म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूमार्फत, हृदयाची गती मंद करते. दुसऱ्या वाटेने रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे अनुकंपी चेतासंस्थेचे (शरीराला पळायला-झुंजायला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंचे) संदेश थांबतात, वाहिन्या सैलावतात आणि रक्त पाय व पोटाकडे ओसरते. उभ्या माणसाचे अर्धा-पाऊण लिटर रक्त एरवीही गुरुत्वाकर्षणाने कमरेखाली उतरलेले असतेच; वाहिन्यांची पकड सुटली की हृदयाकडे परतणारा ओघ आणखी आटतो. लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ थॉमस लुइस यांनी १९३२ मध्ये ‘व्हॅसोव्हेगल’ (‘व्हॅसो’ म्हणजे रक्तवाहिनीचा, ‘व्हेगल’ म्हणजे व्हेगसचा) हा शब्द वापरला तो या दोन्ही वाटा ध्यानात घेऊनच. अ‍ॅट्रोपिन टोचून व्हेगसचा प्रभाव रोखला तर नाडी वाढते, पण रक्तदाब खालीच राहतो, असे त्यांना आढळले होते. म्हणजे दोष एकट्या हृदयाच्या मंदपणाचा नव्हता.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायूचा त्याचा वाटा सुमारे २० टक्के. त्याचा रक्तपुरवठा पुरता थांबला तर ६ ते १० सेकंदांत शुद्ध जाते. आपण ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ म्हणतो ते वर्णन शब्दशः खरे आहे. नेत्रगोलात स्वतःचा दाब असतो आणि त्याला न जुमानता आत शिरण्याइतका जोर रक्तात उरला नाही, की दृष्टिपटल मेंदूच्या आधी हार मानते. म्हणूनच दिसेनासे झालेल्या माणसाला भोवतालचे बोलणे काही क्षण ऐकू येत राहते. बेशुद्धीत हातपाय थोडे झटकले जाऊ शकतात. त्यावरून लगेच फेफरे ठरवून मोकळे होणे बरे नव्हे.

आडवे पडले की हृदय आणि मेंदू एका पातळीवर येतात आणि रक्ताला चढण चढावी लागत नाही. बहुतेकांना मिनिटाच्या आत शुद्ध येते. तेव्हा पडलेल्याला तसेच निजू द्यावे आणि त्याचे पाय उचलून धरावेत. रामबागेतल्या त्या तरुणाला जमिनीने जे औषध आपसूक दिले होते, ते चौघांनी खुर्चीवर बसवून काढून घेतले. कांद्याचा वास रक्तदाब सावरू शकत नाही.

शंभरात साधारण तीन-चार जणांना ही भीती ठळकपणे असते आणि ती घराण्यात चालत आलेली दिसते. जखम झाल्यावर रक्तदाब उतरला तर रक्तस्राव कमी होईल, यासाठी ती उत्क्रांतीत टिकली असावी, असा एक तर्क आहे. तर्क रंजक आहे, सिद्ध झालेला नाही.

उपाय मात्र साधा आहे आणि तो तपासून पाहिलेला आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८७ मध्ये सहकाऱ्यासह मांडलेल्या पद्धतीत अंग सैल सोडायचे नसते, आवळायचे असते. मांड्या, नितंब, पोट आणि मोकळ्या हाताची मूठ १० ते १५ सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत घट्ट आवळावी, मग २०-३० सेकंद ताण उतरू द्यावा आणि हे चार-पाच वेळा करावे. आवळलेले स्नायू शिरांमधले रक्त वर ढकलतात. सुई टोचायचा हात तेवढा सैल ठेवावा. घाबऱ्याघुबऱ्या भराभर घेतलेले श्वासही नडतात, कारण त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून मेंदूच्या वाहिन्या आकसतात. छातीत दुखून किंवा धावताना शुद्ध हरपली, तर मात्र ही घेरी समजू नये, डॉक्टरांकडेच जावे.

रक्तदानापूर्वी अर्धा लिटर पाणी पिण्याचाही उपयोग होतो. आपल्याकडे बरेच जण रक्त देऊन झाले की ताडकन उठून कोपऱ्यावरच्या पोहे-जिलबीकडे निघतात आणि जिन्यातच बसकण मारतात. शिबिरातला चहा आणि बिस्किटे पोटासाठी असतात तितकीच दात्याला दहा-पंधरा मिनिटे जागेवर बसवून ठेवण्यासाठीही असतात.