एचआयव्हीची वैद्यकीय नोंद व कोडिंग

एचआयव्हीबाधित रुग्णाचे निदान, आजाराची अवस्था आणि त्यातून उद्भवलेले विकार केसपेपरवर इतक्या स्पष्टपणे लिहिणे, की आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातला (आयसीडी) नेमका कोड लावताना अंदाज बांधावा लागू नये. हे कोड लावणारा कर्मचारी, म्हणजे कोडर, रुग्णाला पाहत नाही, आणि लॅबचा रिपोर्ट वाचून स्वतः निदान ठरवण्याचा अधिकारही त्याला नसतो. डॉक्टरांनी जे लिहिले, तेवढेच त्याच्या हाती.

आयसीडी-१०मध्ये लक्षणे नसलेल्या संसर्गाला झेड२१, एचआयव्हीमुळे झालेल्या आजारांना बी२० ते बी२३ आणि तपशील न दिलेल्या एचआयव्ही आजाराला बी२४ हा कोड आहे. चाचणी अनिर्णित असेल तर आर७५. हा बहुधा बाधित मातांच्या तान्ह्या बाळांना लागतो. आईकडून आलेल्या अँटिबॉडीज (प्रतिपिंडे) १८ महिन्यांपर्यंत बाळाच्या रक्तात राहू शकतात, म्हणून त्या आढळल्या तरी बाळाला संसर्ग झालाच असे ठरत नाही.

खरा घोळ क्षयरोगात होतो. एका ओळीत ‘एचआयव्ही’, दुसरीत ‘टीबी’, आणि दोहोंचा संबंध काय ते कुठेच नाही. ‘एचआयव्हीमुळे झालेला क्षय’ असे लिहिले की बी२०.० निर्विवाद लागतो. आयसीडी-११ने तर क्षयासह एचआयव्हीला १सी६० हा स्वतंत्र गटच दिला. पाय मोडून दाखल झालेल्या बाधित रुग्णाचे मुख्य निदान मात्र अस्थिभंगच, एचआयव्ही त्यानंतर.

वडोदऱ्यात रुग्ण गुजराती किंवा मराठीत बोलतो, केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो. दांडिया बाजार, रावपुऱ्यासारख्या जुन्या मराठी वस्त्यांत घराघराची ओळख. तिथल्या नातेवाइकांनी ‘तेवढं कागदावर नको, डॉक्टर’ म्हटले तर नवल नाही. मग ‘प्रतिकारशक्ती कमी’ असे मोघम लिहून वेळ निभावली जाते. हेतू चांगला, पण ही भीड रुग्णाला महागात पडते. क्षयावरचे रिफॅम्पिसिन हे औषध एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्रॅव्हिरची रक्तातली पातळी उतरवते, म्हणून डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा द्यावे लागते. पुढच्या डॉक्टरांना एचआयव्हीच ठाऊक नसेल तर हा बदल करणार कोण?

१० सप्टेंबर २०१८पासून लागू झालेल्या २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा नोंदी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. उपचारासाठी आवश्यक असेल तेव्हा उपचार करणाऱ्यांनी ही माहिती एकमेकांना देण्यास मुभा आहे. निदान आत पूर्ण लिहावे. फाइलच्या दर्शनी पानावर लाल शाईने ते ठळक करण्याचे काहीच कारण नाही.