मिरजेची जवारी आणि इन्फ्लेशनमधला ‘ध्वनी’

‘नासाला सूर्यातून ओंकार ऐकू आला’ हा खोटा फॉरवर्ड दर वर्षी नव्याने फिरतो. विश्वाच्या आरंभीच्या ‘ध्वनीच्या वेगा’बद्दल बोलायला लागलं की कुणीतरी तो पुढे करतंच. दोन्हींचा काडीचाही संबंध नाही.

इन्फ्लेशन म्हणजे सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात विश्व अवाढव्य फुगलं तो काळ. तेव्हा सगळीकडे पसरलेल्या इन्फ्लॅटॉन नावाच्या क्षेत्रात बारीक लहरी उठत. त्या किती वेगाने सरकतात, तो इथला ध्वनीचा वेग. तो प्रकाशाच्या वेगाच्या पटीत मोजतात. साध्या मॉडेलमध्ये तो नेमका १ असतो. १९९९ चं के-इन्फ्लेशन आणि २००४ चं डीबीआय (डिरॅक-बॉर्न-इन्फेल्ड) या इन्फ्लेशनच्याच मॉडेलांमध्ये तो १ च्या खाली उतरू शकतो, कारण तिथे गतिज ऊर्जेचं सूत्र शाळेतल्या ‘अर्धा गुणिले वेगाचा वर्ग’सारखं सरळ नाही. डीबीआयमध्ये तर क्षेत्र किती झपाट्याने बदलू शकतं यालाच मर्यादा आहे. क्षेत्र त्या मर्यादेजवळ पोचलं की लहरी मंदावतात.

मंदावल्याने काय बिघडतं? विश्व फुगताना लहर ताणली जाते. तिची लांबी एका हद्दीपलीकडे गेली की शिखराचा निरोप दरीपर्यंत पोचेनासा होतो आणि लहर गोठते. ही हद्द म्हणजे ध्वनीचा वेग भागिले प्रसरणाचा दर. वेग ०.१ असेल तर हद्द दहापट जवळ येते. लहर आखूड असतानाच गोठते, आणि आखूड लहरीचा क्वांटम थरथराट मोठा असतो. म्हणून या लहरींतून पुढे उमटणाऱ्या घनतेतल्या चढउतारांची शक्ती दहापट वाढते. गुरुत्वीय लहरी मात्र प्रकाशाच्याच वेगाने धावतात, त्यांना याची झळ लागत नाही. गुरुत्वीय लहरींची शक्ती भागिले घनतेच्या चढउतारांची शक्ती, हे गुणोत्तर म्हणजे आर = १६ × एप्सिलॉन × ध्वनीचा वेग. एप्सिलॉन म्हणजे प्रसरणाचा दर किती झपाट्याने घटतो त्याचं माप.

क्षेत्राची ऊर्जा त्याच्या वर्गाच्या पटीत धरणारं जुनं, साधं मॉडेल ६० ई-फोल्डला (एक ई-फोल्ड म्हणजे विश्व सुमारे २.७ पट फुगणं) आर सुमारे ०.१३ देतं. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-केक दुर्बिणींनी २०२१ मध्ये घातलेली कमाल मर्यादा आहे ०.०३६. म्हणजे नापास. एप्सिलॉन तोच धरून वेग ०.२७ केला की आर मर्यादेवर येऊन बसतो. ग्रेस मार्कच म्हणा ना!

पण ते फुकट मिळत नाहीत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला तंबोरा पाहा. खुंटी पिळली की ताण वाढतो, तारेतल्या लहरीचा वेग वाढतो, सूर चढतो. जवारीचं काम वेगळं. घोडीचा किंचित गोलावा आणि तारेखालचा दोरा यांमुळे तार घोडीला पुसटशी घासत राहते, आणि एका सुरातून दुसरे सूर जागे होतात. छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं. कारागिराला खुंटी आणि जवारी स्वतंत्र जुळवता येतात. इन्फ्लेशनमध्ये खुंटी तीच आणि जवारीही तीच: समीकरणातलं जे पद लहरींना मंद करतं, तेच सममितीच्या बंधनामुळे त्यांना एकमेकींत मिसळतं.

या मिसळण्याचं माप म्हणजे एफ-एनएल नावाचा आकडा. डीबीआयमध्ये ते उणे ३५/१०८ × (१/वेगाचा वर्ग − १). वेग ०.२७ ला उणे ४, ०.१ ला उणे ३२, ०.०५ ला उणे १२९. विश्वातला सर्वात जुना प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या विदेत साधारण याच धर्तीच्या मिसळीचं मोजमाप उणे २६, अधिक-उणे ४७ आलं. खास डीबीआयसाठी केलेल्या वेगळ्या विश्लेषणात ०.०८६ खालचा वेग ९५ टक्के खात्रीने नाकारला गेला. उणे ४ मात्र त्या गोंगाटात सहज लपतो, म्हणजे ग्रेस मार्क अजून शाबूत.

वेग स्थिर धरणंही धोक्याचं. तो दर ई-फोल्डला २ टक्के बदलला तर वर्णपटाचा उतार (लांब आणि आखूड लहरींच्या शक्तीतल्या फरकाचं माप) ०.०२ ने सरकतो, आणि प्लँकने मोजलेला एकूण उतारच सुमारे ०.०३५ आहे. शिवाय दोन्ही लहरी एकाच क्षणी गोठल्या असं धरून आर काढू नका. वेग ०.१ असेल तर घनतेच्या लहरी २.३ ई-फोल्ड आधी गोठलेल्या असतात, आणि तेवढ्यात एप्सिलॉनही बदललेला असतो.