वार : पेशींची वाढ आणि प्रथिने

गर्भाला आईच्या रक्तातून प्राणवायू व पोषण पोचवणारा आणि बाळंतपणानंतर पडून जाणारा तात्पुरता अवयव म्हणजे वार (अपरा, प्लॅसेंटा). पूर्ण दिवसांच्या वारेचे वजन सुमारे अर्धा किलो भरते. ती मुख्यतः गर्भाच्या बाजूच्या ट्रोफोब्लास्ट पेशींपासून बनते. या पेशींनी कधी विभागायचे, कधी एकजीव व्हायचे, गर्भाशयाच्या अस्तरात किती खोल शिरायचे, हे निरनिराळी प्रथिने ठरवतात.

वारेच्या बोटांसारख्या अंकुरांवरील पेशी परस्परांत मिसळून एक अखंड थर तयार होतो. त्यासाठी लागणारी जनुके जीसीएम-१ हे प्रथिन चालू करते आणि सिन्सिटिन-१ पेशींची आवरणे जोडते. सिन्सिटिनचा उगम विलक्षण आहे. वानरकुळातील आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात अडीच कोटींहून अधिक वर्षांपूर्वी शिरलेल्या एका विषाणूचे हे प्रथिन. यजमानाच्या पेशीला चिकटण्याची त्याची क्षमता वारेच्या कामी आली. त्याची ही भूमिका २००० साली उजेडात आली. गर्भचाचणीच्या पट्टीवर दिसणारे एचसीजी संप्रेरक हाच थर स्रवतो.

काही ट्रोफोब्लास्ट पेशी अंकुर सोडून गर्भाशयात शिरतात. एमएमपी-२ व एमएमपी-९ ही विकरे त्यांना वाट करून देतात. एचएलए-जी प्रथिनामुळे आईच्या रोगप्रतिकारक पेशी त्यांना परके मानून मारत नाहीत. तेथील अरुंद, नागमोडी धमन्यांच्या भिंती या पेशी बदलतात आणि रक्त संथपणे, भरपूर वाहू लागते. हे काम बव्हंशी २० आठवड्यांपर्यंत उरकते.

ते अपुरे राहिले की वारेला रक्त कमी पडते. अशी वार एसएफएलटी-१ हे प्रथिन आईच्या रक्तात जास्त सोडते. रक्तवाहिन्या निरोगी राखणारे पीएलजीएफ त्यात अडकून पडते. २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब, लघवीतून प्रथिन जाणे, हे प्री-एक्लॅम्पसियाचे चित्र त्यातून उभे राहते; पुढे झटकेही येऊ शकतात. संशय असलेल्या रुग्णेत एसएफएलटी-१ चे पीएलजीएफशी गुणोत्तर ३८ किंवा कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात हा आजार होण्याची शक्यता फार कमी असते. धमन्या बदलण्याचे काम २० आठवड्यांपर्यंत उरकत असल्याने लक्षणे सहाव्या-सातव्या महिन्यात दिसली, तरी बिघाडाची सुरुवात बरीच आधी झालेली असते. गरोदरपणाची नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांत व्हावी, हा आग्रह त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

नागपूरसह विदर्भात या धोक्याला सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची जोड आहे. हिमोग्लोबिनही प्रथिनच, त्याच्या बीटा साखळीत एकच अमिनो आम्ल बदलल्याने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि वारेतील रक्तप्रवाहात अडथळे येऊ शकतात. सिकलसेलग्रस्त गरोदर स्त्रियांत प्री-एक्लॅम्पसिया, बाळाची खुंटलेली वाढ व अपुऱ्या दिवसांची प्रसूती अधिक आढळते. त्यांची तपासणी जास्त वेळा व्हायला हवी.

अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीच्या प्रतिबंधाबाबत नागपूरचा सहभाग उल्लेखनीय आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील अ‍ॅस्पिरिन चाचणीत नागपूरचे केंद्र लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनचे होते. पहिलटकरणींना १४ व्या आठवड्याच्या आत रोज ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू केल्यावर ३७ आठवड्यांआधीच्या प्रसूतींचे प्रमाण अ‍ॅस्पिरिन न मिळालेल्या गटातील १३.१ टक्क्यांऐवजी ११.६ टक्के राहिले. गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचे एकूण प्रमाण मात्र घटले नाही. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असते.