फटका आधी, ‘टक्’ मागाहून

इंदूरच्या होळकर स्टेडियममध्ये वरच्या रांगेत बसलं की बॅट आधी फिरते, ‘टक्’ मागाहून येतं. आवाज हवेत सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. खेळपट्टीपासून 80 मीटरवर बसलेल्याला तो जवळजवळ पाव सेकंद उशिरा गाठतो. तिथे कोणी तक्रार करत नाही. तेवढीच तफावत रामबागेतल्या घरी टीव्हीवरच्या मालिकेत पडली, की आजी म्हणते, “अरे, हिचे ओठ आणि आवाज जुळत नाहीयेत, बघ जरा!”

या तफावतीची किंमत इतिहासात एका सहायकाने मोजली. 18व्या शतकात ताऱ्यांची वेळ डोळा-कान पद्धतीने घेत. दुर्बिणीत उभे बारीक धागे ताणलेले असत. निरीक्षक घड्याळातला सेकंद बघून घ्यायचा आणि मग डोळा दुर्बिणीला लावून लंबकाचे ठोके कानाने मोजत राहायचा. एका ठोक्याला तारा धाग्याच्या अलीकडे, पुढच्याला पलीकडे. या दोन जागा लक्षात ठेवून धागा ओलांडल्याचा क्षण सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत ठरवायचा. इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या वेधशाळेत सहायक डेव्हिड किनब्रुकच्या नोंदी त्याचे साहेब, राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा 0.8 सेकंद उशिराच्या निघू लागल्या आणि 1796 मध्ये त्याची नोकरी गेली. साहेबच 0.8 सेकंद घाईत असतील, हा विचार बहुधा कोणाच्या मनात आला नसावा.

तो आला कोनिग्सबर्गचा खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल याच्या मनात. 1820 च्या सुमारास त्याने आपल्या नोंदी दुसऱ्या मुरलेल्या निरीक्षकांशी ताडून पाहिल्या. एकाशी तर सेकंदाहून जास्त फरक निघाला. तेव्हापासून हा फरक ‘व्यक्तिगत समीकरण’ म्हणून गणितात धरला जाऊ लागला. किनब्रुकला त्याचा काही उपयोग नव्हता.

1861 मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंटने झुलता लंबक आणि घंटा घेऊन हाच प्रश्न प्रयोगात आणला: घंटा वाजली तेव्हा लंबक नेमका कुठे होता? माणसं चुकीची जागा सांगत. दोन्हींकडे एकाच क्षणी लक्ष जात नाही, असा त्याने अर्थ लावला.

खरी गंमत पुढे आहे. बाहेर प्रकाश आवाजाच्या कितीतरी पुढे. शरीरात मात्र कान डोळ्याच्या पुढे. दृष्टिपटलावरची रासायनिक प्रक्रिया संथ असते, म्हणून आवाजाला दिलेला प्रतिसाद दृश्यापेक्षा साधारण 30 ते 40 मिलिसेकंद लवकर येतो. त्यामुळे दहाएक मीटरवरची घटना मेंदूत दोन्ही वाटांनी जवळपास एकदम पोचते. बैठकीत चार रांगा मागे बसलेल्याला तबलजीची बोटं आणि थाप फारशी वेगळी वाटत नाहीत, ती यामुळेही.

1980 मध्ये डिक्सन आणि स्पिट्झ या संशोधकांनी फिल्म दाखवून आवाज हळूहळू सरकवला. बोलणाऱ्या माणसाच्या दृश्यात आवाज सुमारे 260 मिलिसेकंद मागे पडेपर्यंत प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. पुढे गेलेला मात्र 130 च्या आसपास पकडला. हातोड्याच्या घावाला दोन्हीकडची सूट बरीच कमी मिळाली. मागे पडलेला आवाज निसर्गात रोजचाच. दृश्याच्या आधी येणारा कोणी ऐकलाय? प्रसारणाच्या 1998 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतही हाच कल दिसतो: आवाज पुढे असेल तर साधारण 45 मिलिसेकंदांना, मागे असेल तर 125 ला फरक जाणवू लागतो.

2004 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की ठरावीक तफावत काही मिनिटं सतत दाखवली, तर मेंदू ‘एकाच वेळी’ची खूणच थोडी सरकवून घेतो. ब्लूटूथ इअरफोनवर मोबाइल मात्र त्या भरवशावर राहत नाही. आवाज पोचायला लागणारा वेळ हिशेबात धरून बरेच प्लेअर चित्रच तेवढं थांबवून दाखवतात. गेममध्ये ते जमत नाही. तिथे बोट टेकल्यावर गोळीचा आवाज उशिराच येतो.