रिकामी बस परत का जाते?

चहाच्या गाड्यावर परवा मित्रानं कोल्हापूरचा वाहतूक प्रश्न सोडवून टाकला. 'सीबीएसभोवती, म्हणजे मध्यवर्ती स्टँडभोवती, सगळी ऑफिसंच बांधा की! लोक बसनं येतील, विषय संपला.' निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी थोडं गणित करावं लागतं, आणि मला तेच आवडतं.

समजा, सकाळच्या एका तासात १२०० माणसं स्टँडकडे येतात. उलट कुणीच जात नाही. एका बसमध्ये ६० धरली तर २० फेऱ्या. जाऊन-येऊन तास लागत असेल तर बसही २०. त्या परत जाताना मोकळ्या: डिझेल जळतंय, ड्रायव्हर-कंडक्टर हजर, तिकीट शून्य. संध्याकाळी हेच उलट. आता ६०० जण आत येतात आणि स्टँडजवळच्या घरांतून ६०० बाहेर जातात असं धरा. १० बस पुरल्या! माणसं तेवढीच. कारण किती बस लागणार हे एकूण प्रवाशांवर नाही, जास्त गर्दीच्या दिशेवर ठरतं. तिथं राहणाऱ्यानं तिथंच नोकरी करावी, अशीही अट नाही.

कोल्हापूरला इथं आयती सोय आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या एमआयडीसी शहराबाहेर. म्हणजे सकाळी बाहेर जाणारा कामगारही आहेच. त्यातले बहुतेक दुचाकीवर दिसतात. स्टँडजवळ परवडणारी घरं असती, तर केएमटीला, म्हणजे शहराच्या बससेवेला, परतीचं गिऱ्हाईक मिळालं असतं.

मग ऑफिसं कुठं? घराकडून थांब्यापर्यंत माणूस सायकलनं येईल, कुणाच्या तरी मागं बसून येईल. ऑफिसच्या टोकाला मात्र पायच. म्हणून अमेरिकेतल्या स्थानकांच्या अभ्यासात नोकऱ्यांसाठी साधारण ४०० मीटर आणि घरांसाठी ८०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ प्रवासीसंख्येशी चांगलं जुळलं. त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट, अर्ध्या चौरस किलोमीटरचं दोन. स्टँडला लागून ऑफिसं आणि त्यांच्यामागं घरं असली तरी जागेची टंचाई वाटायचं कारण नाही.

फ्लॅट घेताना दार कुठल्या दिशेला हे विचारायला आपल्याकडे वास्तुतज्ज्ञ बोलावतात. थांबा किती पावलांवर आहे, हे कुणी मोजत नाही.

पार्किंगचाही हिशेब असाच. ऑफिसची जागा रात्री मोकळी, घरांची दिवसा. एकाच तळघरात दोघांची सोय होते. रविवारी पाहुणे आले की मात्र भांडणं ठरलेली.