स्टॅटिक आयपी की डीएचसीपी रिझर्वेशन?

इंदूरला लोकमान्य नगरात आमच्याकडे नर्मदेचं पाणी पहाटे येतं आणि मोटर लावायचं काम होम असिस्टंटकडे, म्हणजे घरातली उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रामकडे आहे. तो चालतो रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर. मोटरच्या स्मार्ट प्लगमध्ये या पायचा घरच्या नेटवर्कमधला पत्ता (आयपी) भरलेला: १९२.१६८.१.१०५. एका रात्री लाइट गेली, तासाभराने आली, आणि सकाळी टाकी कोरडी. आई म्हणाली, "अरे, बटण दाबायला मला कधी जड गेलं होतं का?"

घरातल्या उपकरणांना पत्ते राउटर वाटतो, त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. झालं असं की राउटर आणि पाय एकदमच उठले. कुणाला कोणता पत्ता दिलाय याची राउटरची यादी पुसली गेली होती. टीव्हीने आधी हात पुढे केला आणि १०५ पटकावला. पायला मिळाला ११२. प्लग आपला १०५ चंच दार ठोठावत बसलेला.

पत्ता पक्का करायचे दोन मार्ग आहेत आणि लोक दोन्हींना सरसकट 'स्टॅटिक' म्हणतात. स्टॅटिकमध्ये पाय राउटरला विचारतच नाही, स्वतःच ठरवतो. रिझर्वेशनमध्ये तो दर वेळी विचारतो, पण राउटर मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) ओळखून तोच आकडा देतो.

मी आधी पायवर १०५ स्टॅटिक केला. राउटर वाटत होता १०० ते २००, त्याला या कारभाराची गंधवार्ता नाही. एकदा पाय अपडेट होऊन उठत होता, तेवढ्यात सराफ्याच्या खाऊगल्लीत खाऊन आलेल्या भाच्याच्या फोनला राउटरने १०५ देऊन टाकला. मग होम असिस्टंटचं ८१२३ पोर्टवरचं पान कधी उघडे, कधी नाही. अजिबात न उघडणं परवडलं! स्टॅटिकच हवा तर वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा घ्या, समजा १९२.१६८.१.२०. गेटवे (राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हेही हातानेच भरा. डीएनएस चुकला तर मोटर चालते, अपडेट मात्र येत नाहीत.

नवा राउटर १९२.१६८.०.१ वाला निघाला, तर स्टॅटिक पाय जुन्याच गल्लीत बसून राहतो. मॉनिटर-कीबोर्ड जोडावा लागतो. रिझर्वेशन असेल तर तो निदान नव्या राउटरच्या यादीत दिसतो, नोंद परत केली आणि प्लगमध्ये नवा पत्ता भरला की झालं. म्हणून माझं मत रिझर्वेशनला. फक्त केबल आणि वायफायचे मॅक पत्ते वेगळे असतात. मी वायफायचा नोंदवला होता, पाय होता केबलवर.

(इंटरनेटवाले पैसे घेऊन देतात तो स्टॅटिक आयपी घराबाहेरचा. मोटरशी त्याचा संबंध नाही.)

केबलचा १२ अक्षरी मॅक पत्ता आता मोटरच्या बोर्डाशेजारी पेनाने लिहिलाय. त्याच्याखाली आईने दुधाचा हिशेब मांडलाय.