पार्व्हेन्यू

पार्व्हेन्यू : पैसा, पद किंवा ओळखीपाळखी यांच्या बळावर खालच्या सामाजिक थरातून थोड्या काळात वर आलेली, पण वरच्या थराने मनापासून आपली न मानलेली व्यक्ती. ‘पोहोचणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला असून त्याचे मूळ लॅटिन आहे. शेवटचा फ्रेंच स्वर मराठीत नाही. ओठ ‘ऊ’साठी गोल करून ‘ई’ म्हटली की तो जवळपास साधतो. नुसता श्रीमंत झाला म्हणून कोणी पार्व्हेन्यू ठरत नाही. वर आलेल्या माणसाला तिथे जुने असलेले लोक ‘हा आपल्यातला नव्हे’ असे मानतात, तेव्हाच हा शब्द लागू पडतो.

अठराव्या शतकातील फ्रेंच लेखक मारीव्हो यांच्या १७३४–३५ मधील कादंबरीच्या नावातच हा शब्द आहे. फ्रान्सच्या शाँपान्य प्रांतातील शेतकऱ्याचा मुलगा जाकोब मालकाच्या घरी वाईन पोहोचवायला पॅरिसला येतो, तिथेच राहतो, वयाने मोठ्या आणि पैसेवाल्या बाईशी लग्न करतो आणि भारदस्त वाटेल असे नाव घेतो. मात्र आपली कहाणी सांगताना तो जन्म लपवत नाही. आपण शेतकऱ्याचे पोर, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे या शब्दाला चिकटलेला लपवाछपवीचा वास मारीव्हो यांच्या या गाजलेल्या नायकाला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

‘नूव्हो रीश’ म्हणजे नवश्रीमंत; त्यात भर पैशावर आहे. ‘आरिव्हिस्त’ हा अजून पोहोचायचा असतो आणि त्यासाठी वाटेल ते करायला तयार असतो. पार्व्हेन्यू पोहोचलेला असतो.

विदर्भाच्या खेड्यात हा शब्द कोणी बोलत नाही, पण ज्याच्यासाठी तो वापरावा असा माणूस गावोगाव ओळखीचा आहे. इथली जुनी उतरंड दोन तऱ्हांची होती. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागांत मालगुजार (सरकारला गावाचा सारा भरणारे जमीनमालक), तर वऱ्हाडात रयतवारी (शेतकऱ्याने सारा थेट सरकारला भरण्याची पद्धत) असल्याने वतनदार पाटील आणि देशमुख. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, पुढे रेल्वे आली, खामगाव-अकोला-अमरावतीच्या बाजारपेठा फुगल्या आणि वतनाविना पैसा असलेला वर्ग ठळकपणे पुढे आला. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी संपली. अलीकडे समृद्धी महामार्ग, कोळसा खाणी, धरणे यांसाठी जमिनी गेल्या. एकरकमी मोबदला हाती आल्यावर वर्षाच्या आत कोणाचे घर दुमजली झाले, कोणाच्या दारात चारचाकी उभी राहिली. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या उसनवारीवर पेरणी झाली, त्या घरांनी चार दिवस चांगले पाहिले तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न या नोंदीत विचारायलाच हवा.

गाव मात्र नावे ठेवतेच. ‘उपटसुंभ’ आणि ‘अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला’ हे मराठीतले जुने प्रयोग आहेत. वऱ्हाडी बोलीत ‘पैसा चढला त्याले’ एवढे म्हटले की पुरते. पण ऐकणाऱ्याने नीट ऐकावे: ‘पयले आपल्या बांधावर भाकर खायचा, आता वयखत (ओळखत) नाही’ ही तक्रार पैशाची नाही, ओळख मोडल्याची आहे. ज्याने पैसा कमावूनही मयतीला खांदा दिला आणि पंगतीत वाढायला उभा राहिला, त्याच्याबद्दल असे सहसा बोलले जात नाही.

पैसा आणि मान यांतले अंतर पाहायचे तर पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाच्या गुरे जमण्याच्या मोकळ्या जागेवर जावे. आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते. बैलांच्या जोड्या त्याखाली रांगेने उभ्या राहतात. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, नवी वेसण. झडत्या, म्हणजे पोळ्याची चुरचुरीत पदे म्हटली जातात, त्यांत गावातल्या बड्यांनाही चिमटे असतात आणि प्रत्येक झडतीनंतर ‘हर हर महादेव’ उठतो. नव्याने पैसा आलेल्याची जोडी साऱ्या बाजारात उठून दिसेल अशी असते. तरी पहिला मान मानकऱ्याच्या जोडीचा, मग ती म्हातारी का असेना. रांगेत पुढे घुसण्यावरून अनेक गावांत भांडणे होतात. बैल विकत घेता येतो, रांगेतली जागा नाही.

लग्न हे दुसरे ठिकाण. पत्रिकेवरील नावांची यादी, मांडवाचा थाट, टोपी-दुपट्ट्यांचा ढीग. पाहुण्यांत कमी पडू नये म्हणून कर्ज काढणारी घरे काही कमी नाहीत. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात ऋण काढून सण करू नका, असे परोपरीने सांगत. ते सांगणे वर चढू पाहणाऱ्या गरिबाच्या काळजीपोटी होते.

अशा शब्दांचा सर्वांत वाईट वापर जातीच्या अंगाने होतो. शिक्षणाने आणि नोकरीने उभ्या राहिलेल्या दलित कुटुंबाने वाड्याच्या तोडीचे घर बांधले की वापरला जाणारा ‘माज’ हा शब्द पाटलाच्या नव्या घरासाठी वापरला जात नाही. ही पार्व्हेन्यूची ओळख नव्हे, मत्सर आहे. विचारवंत हाना आरेन्ट यांनी युरोपातील ज्यूंविषयी लिहिताना ‘पार्व्हेन्यू’समोर ‘पारिया’ ठेवला. हा दुसरा शब्द युरोपात तमिळनाडूतील एका जातीच्या नावावरून गेला. त्यांच्या मते पार्व्हेन्यू प्रवेशासाठी आपले मूळ पुसतो, तर जागृत पारिया ती अटच नाकारतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी घेतलेली धम्मदीक्षा ही अशीच अट नाकारणे होते. तिथे वरच्या पायरीवर जागा मागितली नव्हती, जिनाच सोडला होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये आग्र्याच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिकून पुढे गेलेले लोक समाजाला विसरले, अशी व्यथा मांडली होती. वरून हिणवणारा शब्द आणि आपल्याच माणसाने विचारलेला हा जाब यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. विदर्भातील अनेक खेड्यांत आज नोकरदार मंडळींच्या वर्गणीतून विहार उभे राहिले आहेत आणि काही ठिकाणी त्याच आवारात मुलांसाठी अभ्यासिका चालतात.